दुसरी जबानी

बिंद्या राईला अमेरिकेने विमानतळावरूनच परत पाठवलं, त्याला सहा वर्षं झाली होती. आमच्या धरान गावात ही गोष्ट माहीत नाही असं घर नव्हतं, पण तिच्या तोंडावर कुणी काढत नसे. आमच्या शाळेत ती विज्ञान शिकवायला आली तेव्हा हेडसरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मिस, हिच्यासमोर अमेरिका हा विषय नको." मी नेपाळी शिकवते. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी-शेजारी. ती मला दिदी म्हणायची आणि मी तिच्या डब्यातली किनेमाची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भाजी हक्काने खायची. चार वर्षांत तिने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

मग एक दिवस तिनेच काढला. आमच्या गावाला पाण्याची बोंब कायमची. बिंद्या शनिवारच्या सुट्टीत डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणायची, शाळेच्या प्रयोगशाळेत तपासायची, वहीत मांडायची. त्या नोंदींवर तिने एक लेख लिहिला, तो कुठेतरी छापून आला, आणि तिकडच्या एका प्राध्यापक बाईंचं पत्र आलं : माझ्या प्रयोगशाळेत ये, दोन वर्षं शिक, खर्च विद्यापीठाचा.

"दिदी, पाच वर्षांची बंदी होती," ती म्हणाली. "ती संपली. मी पुन्हा अर्ज करतेय."

"कर की. घाबरतेस कशाला?"

तिने डब्याचं झाकण लावून टाकलं, भाजी तशीच होती.

झालं होतं ते एवढंच मला ठाऊक होतं. बिंद्या एकविसाव्या वर्षी टेक्सासच्या एका छोट्या शहरात कॉलेजला गेली. शिकायला गेलेल्याने कॉलेजबाहेर काम करायचं नाही, असा तिकडचा नियम. ती एका पेट्रोलपंपावरच्या दुकानात संध्याकाळी गल्ल्यावर उभी राहायची. दुकान आपल्याच एका नेपाळी दाइंचं, दाइ म्हणजे थोरला भाऊ. अकरा महिने तसं चाललं. मग तिचे आपा वारले. ते भारताच्या गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले, धडधाकट माणूस. एका सकाळी अंगणात पडले ते पडलेच. बापाच्या कार्यासाठी ती तीन आठवडे घरी आली. परत गेली तेव्हा विमानतळावर तिला बाजूच्या खोलीत नेलं, फोन उघडायला लावला. फोनमध्ये दुकानाचा लाल शर्ट घातलेला तिचा फोटो होता. दुसऱ्या दिवशी त्याच विमान कंपनीने तिला परत आणून सोडलं.

अर्ज भरायला ती बाजारातल्या टंकनाथ सरांच्या ऑफिसात गेली, तेव्हा मीही सोबत होते. टंकनाथ सर पोरांना परदेशी पाठवण्याचा धंदा करतात आणि प्रत्येक पोरीला बहिनी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणतात. भिंतभर हसऱ्या पोरांचे फोटो.

संगणकाच्या पडद्यावर एका प्रश्नापाशी त्यांनी बोट ठेवलं. तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का, देशातून परत पाठवलं आहे का?

"इथे 'नाही'," ते म्हणाले.

"पण 'हो' आहे, सर."

"बहिनी, काय आहे ते मी विचारलंच नाही. काय लिहायचं ते सांगतोय."

"माझ्या बोटांचे ठसे आहेत त्यांच्याकडे."

"सहा वर्षांपूर्वीचे! कोण बसलंय बघत? पासपोर्ट नवा आहे तुझा. वाटल्यास लग्न करून टाक, आडनावही नवं होईल. मुलगा बघू का? त्याची फी वेगळी." ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

बिंद्या उठली. "मी घरी भरीन अर्ज."

"भर. मी चाळीस-चाळीस हजार पोरं पाठवलेली..."

"चाळीस हजार?" मी म्हटलं.

"बरं, चारशे. पण 'हो' लिहून गेलेलं एकही नाही. ऐक माझं."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी तिची पाठ थोपटली. मला अभिमान वाटला होता. म्हटलं, "खरं बोलणाऱ्याला देव बघतो." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलून बसलेय.

आता मेनुकाबद्दल सांगायला हवं. मेनुका लिम्बू आणि बिंद्या एकाच गल्लीत वाढल्या, एकाच विमानाने अमेरिकेला गेल्या, एकाच खोलीत राहिल्या. बिंद्या परत आल्यावर दोन महिन्यांनी मेनुकाही परत आली. तिला कुणी हाकललं नव्हतं. पण कॉलेजने बोलावून सांगितलं, तू वर्षभर बाहेर काम करत होतीस असं सरकारकडून कळलंय, तुझं नाव काढलं. नाव काढलं की राहण्याची परवानगी संपली. पुढे तिने ऑस्ट्रेलियाचा अर्ज केला. तिथे विचारलं, कुठल्या देशाने परवानगी रद्द केलीय का? तिने हो लिहिलं आणि नकार आला. मग तिने भानुचोकाजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं. बोलायला फटकळ, हाताला चपळ. गावातली सगळी पोरं परदेशी जायचे कागद तिच्याकडेच झेरॉक्स करायची आणि ती प्रत्येकाला म्हणायची, "जा बाबा. आणि कुठल्या दाइच्या दुकानात पाय ठेवू नकोस."

आपलं नाव त्या दुकानवाल्या दाइंनीच सांगितलं, अशी तिची पक्की खात्री होती. सहा वर्षांत तिने त्या माणसाला किती वेळा फोन करून शिव्या घातल्या असतील, तिलाच माहीत. एकदा त्याच्या बायकोला सांगितलं होतं, "तुमच्या नवऱ्याच्या पोटात किडे पडतील." त्यानंतर त्यांनी तिचा फोन उचलणं बंद केलं.

मुलाखतीची तारीख लागली, तशी मेनुका रोज दुकान बंद करून बिंद्याच्या घरी येऊ लागली. मीही जायची. तिच्या आमा, म्हणजे आई, चुलीपाशी बसून काळा चहा उकळायच्या, मेनुका खुर्चीवर ताठ बसून व्हिसा अधिकारी व्हायची.

"नाव?"

"बिंद्या राई."

"का परत पाठवलं होतं?"

"परवानगी नसताना काम केलं."

"किती महिने?"

"अकरा."

"खाली बघू नकोस. चोरटी दिसतेस." मग मेनुका पुढे वाकली. "तुझी जबानी घेतली होती ना तेव्हा? लिहून घेतलं होतं, सही घेतली होती? ती प्रत कुठाय? त्यात जे आहे तेच बोललं पाहिजे तुला. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर संपलं. आण, मी वाचते."

"हरवली," बिंद्या म्हणाली.

"अशी कशी हरवली? आयुष्याचा कागद तो."

चुलीपाशी आमांनी मान वर केली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण घरातला एकेक कागद कुठे आहे ते पाठ. "अगं, ते खाकी पाकीट? आपाच्या पेन्शनच्या कागदांत ठेवलंय मी. थांब." आणि त्या गुडघ्यांवर हात ठेवत उठल्या, आत गेल्या, ट्रंकेचं झाकण वाजलं. पाकीट घेऊन बाहेर आल्या आणि जवळच्या हाताला, म्हणजे मेनुकाला, द्यायला पुढे झाल्या.

बिंद्याने ते मधेच ओढून घेतलं. इतक्या जोरात की आमांचा तोल गेला, मी त्यांना धरलं.

"हे कॉलेजचं आहे," ती म्हणाली. "फीच्या पावत्या. हे नव्हे."

मेनुकाचा हात अजून पुढेच होता. तिने तो हळूच मागे घेतला. "बरं. पावत्या तर पावत्या." चहा न पिताच ती गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. बिंद्याने ते पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "दिदी, वाच."

माझं इंग्रजी शाळेपुरतं. पण प्रश्न आणि उत्तरं असे कागद होते, सोपे होते. पहिल्या पानावर प्रश्न : तू त्या दुकानात काम करतेस का? उत्तर : नाही. प्रश्न : मग कोण करतं? उत्तर : माझी मैत्रीण मेनुका लिम्बू. ती वर्षभर करते. मी कधीकधी तिच्यासोबत बसायला जाते. तिनेच मला तिथे नेलं. दुसऱ्या पानावर फोटोचा उल्लेख होता, आणि तिथे उत्तर होतं : हो, मीही करते. पण मेनुकाबद्दलचं उत्तर तसंच राहिलं होतं. प्रत्येक पानाखाली बिंद्याची सही होती.

"आणि खरं काय?"

"ती कधीच करत नव्हती. मी आपांसाठी घरी आले तेव्हा दाइ म्हणाले, तीन आठवडे जागा रिकामी ठेवता येणार नाही. तर माझी जागा जाऊ नये म्हणून मेनुका उभी राहिली. फक्त ते तीन आठवडे. पगारही घेतला नाही तिने. म्हणाली, बिंद्याला द्या, तिचे आपा गेलेत."

मी कागद खाली ठेवला.

"चौदा तास होते मी त्या खोलीत. तो माणूस ओरडला नाही, काही नाही. सारखं पाणी हवं का विचारायचा. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं तर मला सोडतील. एवढंच वाटलं. नाव कुणाचं, हे वाटलंच नाही."

आता मी काय म्हटलं ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "आधी व्हिसा होऊ दे. गेलीस की तिथून पत्र लिही तिला. आत्ता सांगून दोघींचंही वाटोळं."

बिंद्या बराच वेळ बाटल्यांवरची लेबलं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "काल मी आमाला ढकललं, दिदी." आणि पाकीट पिशवीत टाकून निघाली. मी कुलूप लावून धावत तिच्या मागे गेले. ती घराकडे वळली नाही, भानुचोकाकडे वळली.

दुकानात एक म्हातारे गृहस्थ नागरिकतेच्या कागदाची प्रत काढून घेत होते. ते जाईपर्यंत बिंद्या थांबली. मग तिने सगळी फाइल काउंटरवर ठेवली आणि वर ते पाकीट.

"सगळ्याच्या दोन-दोन प्रती," ती म्हणाली. "याच्याही. पण हे आधी वाच."

मेनुकाने कागद काढले. ती उभ्यानेच वाचत होती. मशीन चालू होतं, त्याचा गुरगुर आवाज येत होता. पहिलं पान संपलं. तिने ते उलटं ठेवलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं घेतलं. मी दाराशी उभी होते. मला वाटत होतं की आता काहीतरी फेकून मारेल. बिंद्याही तसंच समजून उभी होती, हात बाजूला सोडून.

मेनुकाने मशीनचं झाकण उघडलं, पान ठेवलं, बटण दाबलं. दोन प्रती. दुसरं पान, दोन प्रती. तिसरं. सगळी पानं झाल्यावर कडा जुळवून तिने ती पुढे सरकवली.

"एक संच मी ठेवून घेतेय," ती म्हणाली.

"मेनुका..."

"त्या माणसाच्या बायकोला मी काय काय बोललेय, माहितीये तुला? तू इथे या स्टुलावर बसून ऐकलंस. हसलीस. त्या दिवशी हसलीस तू, बिंद्या."

"हो."

"मी तुझ्या जागी उभी राहिले होते."

"हो."

"हो-हो काय करतेस? तोंड नाही तुला?"

बिंद्या रडलीही नाही. मेनुकाचा आवाज आता चढला, रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "लिहून दे मला. हे खोटं आहे, खरं काय ते लिही, वकिलापुढे सही कर. मी ते कॉलेजला पाठवणार. आणि एक प्रत तुझ्या अर्जाला लाव. ज्यांनी हे लिहून घेतलं त्यांच्याच दप्तरात ते गेलं पाहिजे."

"ते लावलं तर मला कधीच आत सोडणार नाहीत."

"माहितीये," मेनुका म्हणाली. "मी रोज तेच फॉर्म झेरॉक्स करते. आता जा. शटर ओढायचंय."

अजून पाच वाजले नव्हते.

आम्ही वकिलाकडे गेलो. भला माणूस, बिंद्याच्या आपांच्या ओळखीचा. त्याने सगळं ऐकून चष्मा काढला. "नानी, पोरी, नीट समजून घे. परवानगीशिवाय काम केलंस, त्याची शिक्षा भोगून झाली. पण शपथेवर खोटं बोललीस हे आता तू होऊन लिहून दिलंस, तर ती बंदी पाच वर्षांची राहत नाही. जन्माची होऊ शकते. त्यांच्याकडे सूट मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. मी तुझा वकील म्हणून सांगतो, हे लिहू नकोस."

"आणि वकील म्हणून नाही तर?"

"तर मला विचारू नकोस. माझ्या घरात दोन मुली आहेत, त्यांना मी वेगळं सांगतो."

दोन दिवस ती शाळेत आली, शिकवून गेली, कुणाशी बोलली नाही. घरी आमांनी काहीतरी ओळखलं होतं. मला त्यांनी दारात धरलं. "काय केलंय हिने?" मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. आमा ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "ती मेनुका परत आली तेव्हा तिची आई माझ्याकडे येऊन रडली होती. मी तिला चहा दिला, समजावलं. माझ्या पोरीने केलं होय ते?" नंतर कितीतरी वेळ त्या तेच म्हणत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी बिंद्या म्हणाली, "दिदी, साक्षीदार लागतो. येशील?"

पान-दीड पानाची जबानी होती. मी साक्षीदार म्हणून सही केली. वकिलाने शिक्के मारले आणि फी घेतली नाही.

काठमांडूला आम्ही आदल्या दिवशी गेलो. आमांचे गुडघे घाट सोसणार नाहीत, म्हणून सोबत मीच. सकाळी महाराजगंजला दूतावासाच्या भिंतीबाहेर रांग लागली होती. पोरं, पोरी, इस्त्रीचे कपडे, हातात पारदर्शक फायली, ओठ हलताहेत, पाठ केलेली उत्तरं. फोन आत नेता येत नाही. मी तिचा फोन आणि पिशवी घेऊन रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात बसले. तिथे माझ्यासारखे पुष्कळ जण होते. एक बाप माळ ओढत होता. बाहेर येणाऱ्याच्या हातात रंगीत चिठ्ठी दिसली की सगळे माना लांब करून रंग बघायचे, रंगावरून होकार की नकार ते कळतं.

आत काय झालं, ते तिने मला तिथेच, त्या बाकावर बसून सांगितलं. मी जसंच्या तसं देतेय.

खिडकीमागे चाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांनी नमस्ते म्हटलं. बोटांचे ठसे घेतले, पडद्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिल्या. शेजारच्या खिडकीवरचा मुलगा हसत बाहेर पडला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही गेला.

"तुम्हाला परत पाठवलं होतं," बाई म्हणाल्या. "का?"

"परवानगी नसताना दुकानात काम केलं. अकरा महिने."

"नियम माहीत होता?"

"हो."

"इथे तुम्ही एक नवीन कागद जोडलाय. तुम्ही म्हणताय की त्या वेळची तुमची जबानी खोटी होती."

"सगळी नाही. माझ्या मैत्रिणीबद्दलची. आणि सुरुवातीला स्वतःबद्दलची."

"शपथ घेऊन खोटं बोललात?"

"हो."

"आता का सांगताय? हे आम्ही विचारलं नव्हतं."

बिंद्या म्हणाली, त्या क्षणी तिच्या मनात तीन-चार छान उत्तरं आली होती. पश्चात्ताप झाला, सत्य महत्त्वाचं वाटलं, असली. ती ओठांपर्यंत आली आणि तिला वाटलं, आपण पुन्हा त्या खोलीत बसलोय.

"तिने माझ्याकडे लेखी मागितलं म्हणून," ती म्हणाली.

"आणि तिने मागितलं नसतं तर?"

"तर बहुतेक नसतं सांगितलं."

बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग टंकायला लागल्या. खूप वेळ. मधे उठून आत गेल्या, कुणाशी तरी बोलून आल्या. पुन्हा बसल्या. "पुन्हा काम करणार नाही कशावरून?"

"काम करणार आहे. प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या हाताखाली. पत्रात लिहिलंय ते, परवानगीचं आहे."

"पाण्यावर अभ्यास आहे तुमचा. काय सापडलं?"

"सतरा झरे तपासले. अकरा झऱ्यांचं पाणी पिण्यासारखं नाही. लोक पितात."

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "मी आज तुम्हाला व्हिसा देऊ शकत नाही. तुम्ही जे लिहून दिलंय त्यामुळे कायद्याने तुम्ही अपात्र आहात. त्यावर सूट देता येते. ती मी देत नाही, वर दिली जाते. मी शिफारस पाठवतेय. वेळ लागेल. नकारही येऊ शकतो. तुमचा पासपोर्ट परत घ्या."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या चिठ्ठीकडे सगळ्यांनी पाहिलं. माळवाल्या बापाने तोंड फिरवलं, तिचं अपयश आपल्या मुलाला लागू नये म्हणून.

"झालं?" मी विचारलं.

"नाही झालं," ती म्हणाली. "आणि नाही असंही नाही झालं." मग तिला भूक लागली. तिने दोन प्लेट मोमो खाल्ले, भराभर, चटणीसकट.

त्यानंतरचे महिने मला मोजता येत नाहीत. ऑगस्टमध्ये तिथले वर्ग सुरू झाले. प्राध्यापक बाईंनी लिहिलं, जानेवारीपर्यंत जागा ठेवते, पुढे माझ्या हातात नाही. बिंद्या मोबाइल उशाशी घेऊन झोपायची. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खिशावर हात जायचा. टंकनाथ सर एकदा बाजारात भेटले. म्हणाले, "काय बहिनी, खरं बोलून पोचलीस का अमेरिकेला?" ती म्हणाली, "चालत निघालेय, सर. वाटेत आहे."

मेनुकाने आपली प्रत कॉलेजला पाठवली होती. सप्टेंबरात दोन ओळींचं उत्तर आलं : आमच्या नोंदीत दुरुस्ती केली आहे, तीन आठवडे, मोबदला नाही. ते पत्र तिने मला दाखवलं. म्हटलं, आता पुन्हा अर्ज कर. "नाही," ती म्हणाली. "अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा पोरांबरोबर बाकावर बसू? दुकान आहे माझं. पण कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा होता, तो मिळाला." पत्राच्या तिने दहा प्रती काढल्या. एक आपल्या आईला दिली. एक, बिंद्याच्या आमांना.

बिंद्याशी मात्र ती बोलत नव्हती. बिंद्या कागद घेऊन गेली की "किती प्रती?" एवढंच.

पंधरा डिसेंबरला, तिसऱ्या तासाला, बिंद्या माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मी कविता शिकवत होते. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. पासपोर्ट जमा करा, एवढंच वाक्य होतं. मला वाटलं, हे काय, मग तिचा चेहरा पाहिला आणि पुस्तक मिटलं. वर्गाने कशासाठी ते माहीत नसताना टाळ्या वाजवल्या.

निघायच्या आदल्या दिवशी ती मेनुकाच्या दुकानात गेली. मला येऊ दिलं नाही. तासाभराने परतली, डोळे सुजलेले. एवढंच म्हणाली, "तिकडे गेले की त्या दाइंना भेटून माफी मागायचीय. तिच्या वतीने. ती म्हणाली, मला लाज वाटते, तू माग, तुझ्यामुळे झालंय."

व्हिसा मिळाला म्हणजे आत सोडतीलच असं नसतं, हे बिंद्याइतकं कुणाला माहीत? आमांना ते सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. ती पोचणार त्या वेळी आमच्याकडे सकाळ असणार होती. मी सहालाच त्यांच्या घरी गेले. आमांनी चूल पेटवून ठेवली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. पावणेसात वाजले, विमान उतरलं असेल. साडेसात. आठ. "त्या खोलीत नेलं असेल," आमा म्हणाल्या. मी म्हटलं, "रांगा असतात, आमा." साडेआठ. आमा उठून आत गेल्या, ट्रंक उघडली, बंद केली, परत आल्या. नऊला पाच कमी असताना फोन वाजला.

"दिदी," बिंद्या म्हणाली. मागे माणसांचा गलका, चाकांचा आवाज. "खोलीत नेलं होतं. दोन तास. तेच तेच विचारलं. मी तेच तेच सांगितलं." आणि थांबली.

"मग?"

"बाहेर आहे. रस्त्यावर उभी आहे. प्राध्यापक बाई न्यायला आल्यात."

मी फोन आमांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "थंडी आहे का गं?" आणि पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी अंगणात गेले होते.

शाळेला उशीर झाला होता, तरी भानुचोकावरून गेले. मेनुका शटर वर करत होती.

"सोडलं आत," मी म्हटलं. "पण दोन तास बसवलं खोलीत."

"दोनच?" ती म्हणाली. मग शटर अर्ध्यावर धरून माझ्याकडे वळली. "रडली का?"

"नाही."

"बरं," असं म्हणून तिने शटर वर ढकललं, आत जाऊन दिवा लावला आणि मशीन सुरू केलं. शाळेची घंटा होऊन गेली होती. हेडसर दारातच उभे असणार, हे माहीत असूनही मी सावकाश चालत गेले.